पुढचा अ‍ॅक्सल: आधी काय तुटणार, ते ठरवा

फोर बाय फोरवर पैसे घालायला बहुतेकांची सुरुवात टायरपासून होते. मोठ्या खाचांचे मड-टेरेन टायर चढवले की गाडी नुसती उभी असली तरी रुबाबदार दिसते. मग टायर मडगार्डला घासतात म्हणून दोन इंचांचं लिफ्ट, म्हणजे गाडी तेवढी वर उचलणं. मग एक चाक हवेत गेलं की गाडी जागच्या जागी अडते म्हणून लॉकर, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र फिरायला लावणारं कुलूप. या प्रत्येक खरेदीचा भार पुढच्या अ‍ॅक्सलवर चढत असतो, आणि त्याच्याकडे लक्ष जातं ते ओढ्यातल्या गोट्यांमध्ये ‘खाड्’ असा आवाज आल्यावरच.

मागच्या अ‍ॅक्सलची कामं दोन: वजन पेलणं आणि चाकं फिरवणं. पुढच्याला ही दोन्ही करून वर चाकं वळवायचीही असतात. फिरतं चाक वळवायचं, तर ताकद नेणारा शाफ्ट चाकाजवळ वाकला पाहिजे आणि वाकलेला असतानाही फिरत राहिला पाहिजे. पुढच्या अ‍ॅक्सलची गुंतागुंत, किंमत आणि बरीचशी मोडतोड या एका गरजेतून येते.

ताकद कुठल्या वाटेने जाते ते आधी पाहू. ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीतून, निघालेला प्रोपेलर शाफ्ट पिनियन हा छोटा गिअर फिरवतो, पिनियन क्राऊन हा मोठा गिअर फिरवतो, क्राऊनला जोडलेला डिफरन्शियल दोन्ही बाजूंच्या अ‍ॅक्सल शाफ्टना ताकद वाटतो. शाफ्टच्या टोकाला वाकणारा सांधा, त्याच्या बाहेर आखूड स्टब शाफ्ट, मग हब आणि चाक. हे सगळं ज्या कवचात बसतं ते हाउसिंग. त्याच्या मधल्या फुगीर गोळ्यात डिफरन्शियल, दोन्हीकडे पोलादी नळ्या, नळ्यांच्या टोकांना ‘सी’ अक्षराच्या आकाराचे कंस, आणि त्या सीमध्ये बॉल जॉइंटवर किंवा किंगपिनवर वळणारी नकल, जिच्यावर हब बसतो. जोर अति झाला तर यातलं काहीही तुटू शकतं. म्हणून अ‍ॅक्सल निवडताना पहिला प्रश्न हा: आधी काय तुटलेलं परवडेल, आणि ते रानात बदलता येईल का?

शाफ्टवर किती जोर येतो

थोडं गणित करू, सोपं आहे. धरून चला, इंजिन ३०० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. पहिला गिअर ४, ट्रान्सफर केसचा लो २.५ आणि अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ४. सगळ्यांचा गुणाकार केला की चाकांपाशी १२,००० न्यूटन-मीटर उभे राहतात. कुठल्याही जीपचा शाफ्ट एवढा पीळ एकट्याने सहन करणार नाही. तरी तो रोज तुटत नाही, कारण टायर त्याआधी घसरतो.

एका पुढच्या चाकावर ६०० किलो वजन आहे, खडकावर घर्षण ०.८ आहे आणि टायर २८ इंची आहे असं मानलं, तर टायर घसरायच्या आधी शाफ्टवर जास्तीत जास्त सुमारे १,७०० न्यूटन-मीटर येतात. त्याच जागी ३५ इंची टायर लावा, आकडा २,१००च्या आसपास जातो. गाडी तीच, इंजिन तेच, शाफ्टही तोच. पीळ मात्र पाव हिश्श्याने वाढला. शिवाय मोठा टायर जड असतो. तो हवेत गरगर फिरून एकदम खडकावर आदळतो तेव्हाचा धक्का या हिशोबात धरलेलाच नाही.

आता लॉकर. साधा, म्हणजे ओपन, डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतो. एक चाक हवेत गेलं की त्या बाजूला जोर शून्यावर येतो, म्हणून दुसऱ्या बाजूलाही शून्यावर येतो. आपण चिडतो, पण शाफ्ट त्यामुळे वाचलेला असतो. लॉकर लावला की हवेतल्या चाकाचा वाटाही जमिनीवरच्या चाकाकडे जातो. त्यात ते चाक दोन दगडांच्या फटीत अडकलेलं असेल, तर घसरून सुटका करून घ्यायची सोयही उरत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, लॉकर चालू, चाक अडकलेलं आणि ड्रायव्हरचा पाय रेसवर: पुढचे शाफ्ट बहुतेक वेळा याच चौकडीत जातात.

वाकणारा सांधा

जुन्या-नव्या अनेक जीपमध्ये हा सांधा म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, आपल्या गॅरेजच्या भाषेत ‘क्रॉस’. स्वस्त, दणकट, हातोडा आणि पान्यांनी बदलता येणारा. त्याची अडचण अशी, की वाकलेला असताना तो एकसारख्या गतीने फिरत नाही. ३० अंशांत वळवलं तर बाहेरचा शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे १३ टक्क्यांनी मंदावतो आणि दोनदा सुमारे १५ टक्क्यांनी पुढे पळतो. स्टिअरिंगवर जाणवणारे ते हिसके यातूनच येतात. ताणही प्रत्येक फेरीत असाच वरखाली होतो, त्यामुळे चाकं सरळ असताना जो क्रॉस सहज टिकतो तो पूर्ण वळणावर कानातून निखळतो. कान म्हणजे शाफ्टच्या टोकाची ती दोन भोकं, ज्यात क्रॉसच्या कप बसतात. नुसता क्रॉस तुटला तर भागतं. कान फाटले तर शाफ्टही गेला.

जिप्सी आणि जिम्नीमध्ये सांधा वेगळा आहे. तिथे बिरफील्ड प्रकारचा, एकसारख्या गतीने फिरणारा जॉइंट पोलादी गोलाच्या आत ग्रीसमध्ये बुडालेला असतो. वळणावर हिसके नाहीत. पण गोलाभोवतीचं सील फाटलं की चिखल आत जातो, ग्रीसचा काळा लगदा होतो आणि पूर्ण वळणावर ‘कट कट कट’ ऐकू यायला लागतं. ऐकून सोडून देण्यासारखा हा आवाज नाही.

अखंड दांडी की स्वतंत्र चाकं

अखंड अ‍ॅक्सलमध्ये दोन्ही चाकं एका दांडीला बांधलेली असतात. तराजूसारखंच: एक पारडं वर गेलं की दुसरं खाली जातं, आणि खाली गेलेलं चाक जमीन शोधतं. मधल्या गोळ्याखालची उंचीही कायम राहते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपापलं हलतं. हायवेवर हे कितीतरी बरं, पण चाकं वर दाबली गेली की गाडीचं पोट जमिनीकडे येतं, आणि चाक फार खाली लोंबलं की सीव्ही, म्हणजे एकसारख्या गतीने फिरणाऱ्या, जॉइंटचा कोन वाढतो.

आपल्याकडची विभागणी साधारण अशी. जिप्सी: पुढे अखंड अ‍ॅक्सल, पाट्यांवर. जिम्नी: पुढे अखंड अ‍ॅक्सल, कॉइल स्प्रिंगवर. २०२०ची थार: पुढे स्वतंत्र, मागे अखंड. पुण्याच्या फोर्स मोटर्सची २०२१ची गुरखा: तीही पुढे स्वतंत्र, पण पुढे-मागे दोन्हीकडे कंपनीचेच लॉकर. रांजणगावला जुळणी होणारी रँगलर रुबिकॉन: दोन्हीकडे अखंड, दोन्हीकडे लॉकर.

थारवाल्यांचा ठरलेला प्रश्न असतो, पुढे अखंड अ‍ॅक्सल टाकू का? दगडांवर रांगायची स्पर्धा हाच छंद असेल आणि गाडी ट्रेलरवरून नेणार असाल तर विचार करा. इतरांनी हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चासीवर नवे ब्रॅकेट, स्टिअरिंगची नवी जोडणी, सस्पेन्शन दाबलं गेलं की गोळ्याला ऑइल पॅनखाली जागा, हे सगळं करावं लागतं. आणि थारचं पुढचं ब्रेक-लॉकिंग, म्हणजे घसरत्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला ताकद देणं, चाकांच्या स्पीड सेन्सरवर चालतं. नव्या अ‍ॅक्सलवर ते सेन्सर नीट बसले नाहीत तर एबीएस गेलं, ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) गेलं आणि ब्रेक-लॉकिंगही गेलं. त्यापेक्षा लिफ्ट दीड-दोन इंचांत आवरा, सीव्हीचे रबरी बूट दर वारीनंतर तपासा, आणि एक जास्तीचा सीव्ही शाफ्ट गाडीत ठेवा.

लिफ्टबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत लिफ्टने बॉडी उचलली जाते, अ‍ॅक्सल जिथे होता तिथेच राहतो. गोळ्याखालची उंची वाढवायला टायरच मोठा लागतो, आणि चार इंच मोठा टायर लावला तरी वाढ दोनच इंच मिळते.

डेना घराणं

अ‍ॅक्सल अदलाबदलीची सगळी परिभाषा अमेरिकेतल्या जीपवाल्यांनी घडवली, आणि तिच्या केंद्रस्थानी डेना कंपनीचे अ‍ॅक्सल आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपखाली पुढे डेना २५ होता. मुंबईत महिंद्राने १९४७ पासून विलीसची जुळणी सुरू केली, आणि विलीसच्याच सीजे-३बी जीपबरोबर तेच घराणं आपल्याकडे रुजलं. घाटमाथ्यावर आजही एखादी तशी जीप चाऱ्याचे भारे वाहताना दिसते, आणि तिच्या पुढच्या नकलेतून ऑइल गळत असतं.

पुढे १९७०च्या दशकात जीपखाली डेना ३० आला, क्राऊनचा व्यास सुमारे ७.२ इंच. डेना ४४ चा क्राऊन ८.५ इंच, डेना ६० चा ९.७५. जीपवाल्यांचा ढोबळ ठोकताळा असा: ३३ इंची टायरपर्यंत ३०, ३५-३७ पर्यंत ४४, त्यापुढे ६०. ठोकताळा वाईट नाही, पण त्यात ड्रायव्हरचा उजवा पाय मोजलेला नाही. शांत पायाचा माणूस डेना ३० वर ३५ इंची टायर वर्षानुवर्षं चालवतो. उतावळा माणूस ४४ सुद्धा महिन्यात मोडतो.

नुसत्या नावावरही जाऊ नका. २००३ ते २००६ च्या टीजे पिढीतल्या रँगलर रुबिकॉनला पुढे डेना ४४ होता खरा, पण त्याची बाहेरची टोकं, म्हणजे नकल, बॉल जॉइंट आणि क्रॉस, डेना ३० चीच होती. नंतरच्या जेके पिढीतल्या रुबिकॉनच्या पुढच्या ४४ मध्ये गिअर दणकट, पण नळ्या आणि सी त्या मानाने हलके. मोठे टायर लावून उड्या मारणाऱ्यांनी ते वाकवले. जाहिरातीत ‘डेना ४४’ लिहिलेलं असतं, ते फक्त मधल्या गोळ्याबद्दल बोलत असतं.

आणखी एक बारकावा, जो विकणारे सहसा सांगत नाहीत. पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या वर बसतो की खाली, यावर गाडी पुढे जाताना दात कुठल्या बाजूने दाबले जातात ते ठरतं. पिनियन वर असेल तर मजबूत बाजू कामाला येते, आणि प्रोपेलर शाफ्टही दगडांपासून उंच राहतो. मागच्या अ‍ॅक्सलसाठी कापलेले गिअर जसेच्या तसे पुढे बसवले, तर कमकुवत बाजू भार घेते. शक्य असेल तिथे पुढे वरच्या पिनियनचाच अ‍ॅक्सल घ्या.

काय सुधारायचं आणि कुठल्या क्रमाने

सगळ्यात स्वस्त सुधारणा ब्रीदरची, म्हणजे अ‍ॅक्सलमधली हवा आत-बाहेर करणाऱ्या छिद्राची. चालून गरम झालेला अ‍ॅक्सल नदीच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते. ब्रीदर पाण्याखाली असेल किंवा चिखलाने बुजला असेल, तर अ‍ॅक्सल ऑइल सीलमधून किंवा थेट ब्रीदरमधून पाणी ओढून घेतो. दोन दिवसांनी ड्रेन प्लग उघडला की ऑइल दुधाळ निघतं, आणि बेअरिंगं तोवर गंजायला लागलेली असतात. इंजिन बेच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत एक रबरी नळी नेली की काम झालं. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात गाडी घालणाऱ्याने लॉकरच्या आधी हे करावं. खर्च चारजणांच्या मिसळीएवढाही नाही.

त्यानंतर हाउसिंग. नळी वाकली की चाकांचा कोन बिघडतो, शाफ्टवर तिरका ताण येतो, सीलं गळायला लागतात. नळीवर ट्रस (आधाराची पट्टी) आणि सीला गसेट (कोपऱ्याला बळ देणारा पत्रा) वेल्ड करून घेता येतात. वेल्डिंग मात्र तुकड्यातुकड्याने, आलटून-पालटून दोन्ही बाजूंनी आणि मध्ये थंड होऊ देऊन करायचं. एका दमात लांब टाका मारला तर ज्या नळीला सरळ ठेवायला निघालो तीच उष्णतेने केळ्यासारखी वळते.

मग शाफ्ट. पिळाविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. टोकाला ३० खाचा असलेल्या शाफ्टचा व्यास सुमारे १.३१ इंच, ३५ खाचांच्या शाफ्टचा १.५ इंच. फरक डोळ्यांना फारसा दिसत नाही, पण ताकदीत तो जवळपास ५० टक्क्यांचा आहे. व्यास वाढवता येत नसेल तर धातू बदलतात: ४३४० क्रोमोली, ज्याचं जवळचं भावंड आपल्या लेथवाल्यांना ईएन-२४ म्हणून माहीत असतं. पण नुसता ईएन-२४ चा गज आणून शाफ्ट कातून घेतला म्हणजे झालं नाही. ताकद हीट ट्रीटमेंटमधून येते. ती कुणी केली आणि हार्डनेस किती आला, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

सुरुवातीचा प्रश्न इथे कामाला येतो. शाफ्ट आणि क्रॉस फार मजबूत केले, की तुटण्याची पाळी क्राऊन-पिनियनवर येते. बाहेरचा शाफ्ट तुटला तर चाक, हब काढून तो रानात बदलता येतो. फ्री-व्हील हब, म्हणजे चाक शाफ्टपासून सोडवता येणारे हब, असतील तर ते मोकळे करून मागच्या दोन चाकांवर घरीही येता येतं. क्राऊनचा दात तुटला तर तुकडे गोळ्यात फिरतात, सगळंच खातात, आणि गाडी ओढत न्यावी लागते. म्हणून लहान क्राऊनच्या अ‍ॅक्सलमध्ये मी शाफ्ट साधा ठेवून जोडीला एक जास्तीचा बाळगण्याच्या मताचा आहे. क्रोमोली शाफ्ट मोठ्या क्राऊनबरोबरच शोभतात.

गिअरचं गुणोत्तर टायरबरोबर बदलावं लागतं. २९ इंचांवरून ३३ इंचांवर गेलात आणि मूळ गुणोत्तर ४.१० असेल, तर पूर्वीची खेच परत मिळवायला ४.६७ लागेल. बाजारात ४.५६ आणि ४.८८ मिळतात, घाटातून सामान भरून जाणाऱ्याने ४.८८ घ्यावं. पण ४.१० म्हणजे पिनियनला १० दात आणि क्राऊनला ४१, ४.८८ म्हणजे ८ आणि ३९. पिनियन लहान होतो, म्हणजे नाजूकही होतो. आणि पुढे-मागे गुणोत्तर एकच हवं. वेगळं असेल तर फोर बाय फोर लावताच पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांशी झुंजतात आणि ट्रान्सफर केस मध्ये भरडली जाते.

पुढच्या लॉकरसाठी हवेवर, विजेवर किंवा केबलवर हवा तेव्हा चालू-बंद होणारा प्रकारच घ्या. आपोआप लागणारा लॉकर मागच्या अ‍ॅक्सलमध्ये खपून जातो. पुढे तो वळणावर स्टिअरिंग हातातून ओढतो.

दुसऱ्या गाडीचा अ‍ॅक्सल बसवायचा तर

मोजमाप सगळ्यात आधी. गोळा कुठल्या बाजूला आहे ते बघा: विलीस आणि सीजे जीपमध्ये तो उजवीकडे, १९८७ नंतरच्या रँगलरमध्ये डावीकडे. ट्रान्सफर केसचं पुढचं तोंड ज्या बाजूला, गोळाही त्याच बाजूला लागतो. विलीसच्या दोन चाकांतलं अंतर सुमारे ४९ इंच, टीजेचं ५८. तेव्हा चाकं मडगार्डबाहेर येतील का तेही बघा. नट-बोल्टचं वर्तुळ जुळलं तर रिम वाचतात. विलीस, जिप्सी आणि जिम्नी तिघींचं पाच नटांचं, १३९.७ मिलिमीटरचं आहे.

त्यानंतर कास्टर, म्हणजे नकलेचा वळणारा अक्ष मागे किती झुकला आहे तो कोन. अखंड अ‍ॅक्सलच्या गाड्यांत तो साधारण ४ ते ६ अंश असतो आणि त्यामुळेच स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. लिफ्ट केलं की अ‍ॅक्सल पुढे लोळतो, कास्टर कमी होतो, गाडी रस्त्यावर भरकटते. कास्टर परत आणायला अ‍ॅक्सल मागे फिरवला तर पिनियनचं नाक खाली जातं आणि प्रोपेलर शाफ्ट थरथरतो. दोन्ही एकाच हाउसिंगला बांधलेले असल्याने एक सावरताना दुसरं बिघडतं. मोठ्या लिफ्टमध्ये सी कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करण्याखेरीज मार्ग नसतो, आणि ते काम जिग असलेल्या वर्कशॉपचंच.

कॉइल स्प्रिंगच्या गाडीत पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारी दांडी) आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकाकडे नेणारी दांडी) एकमेकांना समांतर हवी. नसेल तर प्रत्येक खड्ड्यात गाडी स्वतःहून वळते. आणि वेगात असताना एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाकं वेड्यासारखी थडथडायला लागली, तर स्टिअरिंग डॅम्पर बदलून ते झाकू नका. पॅनहार्डचा बुश, बॉल जॉइंट, किंगपिनचं बेअरिंग, टाय रॉडची टोकं यांतला प्ले, म्हणजे ढिलेपणा, शोधा.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. अ‍ॅक्सल बदललेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करू शकते. त्यामुळे आतले शाफ्ट किंवा सीलं बदलणं वेगळं, आणि आख्खा पुढचा भाग कापून दुसरा बसवणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराआधी आरटीओत लेखी विचारून घ्या.

भंगारातून जुना अ‍ॅक्सल घेताना पिनियनचं फ्लॅंज हाताने मागेपुढे करून बघा. फिरण्यात थोडा खुळखुळा चालतो, वरखाली अजिबात हलता कामा नये. ड्रेन प्लगच्या चुंबकावर मऊ करडा लगदा असेल तर ठीक. टोकदार कण असतील तर तिथूनच परत फिरा. नळ्यांवर दोरी ताणून बाक तपासा.

नवे गिअर बसवून घेताना मिस्त्रीसमोर उभे राहा. दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते बघायला सांगा. तो दाताच्या मधोमध हवा. क्राऊन आणि पिनियनमधला प्ले डायल गेजने मोजायचा, डेना ४४ मध्ये तो साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो. ‘हाताला बरोबर लागतंय’ म्हणणारा मिस्त्री कितीही जुना असला तरी गेज लावायला लावा. पहिल्यांदा वीस-पंचवीस किलोमीटर हळू चालवून अ‍ॅक्सल पूर्ण थंड होऊ द्या, पहिले ८०० किलोमीटर ओझं ओढू नका, आणि मग ऑइल बदला. पुढचा अ‍ॅक्सल असल्यामुळे हे किलोमीटर हब लावून, फोर बाय फोरमध्ये मोजायचे, आणि तेही मातीच्या रस्त्यावर. डांबरावर फोर बाय फोर लावून फिरलात तर नव्या गिअरवर विनाकारण पीळ बसेल.